चवलीचे दोन फाटे

ईशान, मुक्ता — हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्या आजोबांच्या फोटोपुढेसुद्धा नाही. दोनदा लिहायला बसले आणि उठून कपाट आवरले. आता कपाटात आवरण्यासारखे काही उरले नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या चवलीबद्दल आहे हे. परदेशात नव्याने आलेल्या आपल्याकडच्या मुलांना मदत करायची — विमानतळावरून आणायचे, खोली मिळेपर्यंत ठेवून घ्यायचे — आणि त्याबदल्यात चवली, म्हणजे संगणकावरचे नाणे, मिळायची. ती पुढे आपल्याला मदत लागली की द्यायची. मालक कुणी नाही, नोंदी सगळ्यांच्या संगणकांवर सारख्या. तुम्ही भावाबहिणीने मित्रांना घेऊन उभे केलेले ते जाळे मला कितीसे कळत होते? फार नाही. पण मला विचारावे, असे फार वाटे. जन्मभर वर्गात वर झालेले हात बघितले. आता माझा हात वर होता आणि बघणारे कुणी नव्हते.

मग एका मुलाने नियमांतली फट शोधली आणि इतरांच्या चवल्या स्वतःकडे ओढल्या. ईशान, तू म्हणालास, नियम बदलू, नोंदी दुरुस्त करू, ज्याचे त्याला परत देऊ. ज्यांना हे पटणार नव्हते, ते जुन्या नियमाने वेगळे राहू शकत होते. मुक्ता, तुझे काहीच ठरले नव्हते — आठवते?

तू मला फोन केलास. मी बोलायच्या आतच म्हणालीस, "थांब, आधी अज्जीचं ऐक." तुमच्या आईची आई, अक्कलकोटची. तिचा आवाज ईशानने सगळ्यांना पाठवला होता — "अरे, पाहुण्यानं शेजारच्याच्या ताटातली भाकरी पळवली, तर नियम काय बघत बसता? परत वाढा की!" हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आले होते. जगभरची मुले म्हणे तेच वाक्य एकमेकांना ऐकवत होती.

मग तू विचारलेस, "आजी, तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होते? तेच. अगदी तेच — परत द्यावे. सकाळपासून ते वाक्य मी मनात घोटून ठेवले होते. पण ते आता तिचे झाले होते. भाकरीसकट. मी दुसरी येऊन मान डोलावायची होती का?

मी म्हणाले, "नाही. नियम म्हणजे नियम."

आणि मग लेख लिहिला, इंग्रजीत, उपशीर्षके देऊन. आज दयेपोटी नोंद बदलाल, तर उद्या रागापोटी बदलाल. स्वातंत्र्य याचाच अर्थ असा, की कुणाच्याही हाती खोडरबर नसावे. चांगला लेख होता. तो वाईट असता तर बरे झाले असते. तू तो सगळ्यांना वाचून दाखवलास, मुक्ता, आणि त्याच्यामागे उभी राहिलीस. चवलीला दोन फाटे फुटले: एक ईशानचा, दुरुस्त नोंदींचा; एक तुझा, जुन्या नियमाचा. परत दिलेल्या चवल्या निम्मी मुले मानेनात. ईशानने ज्यांना भरवशाने आत आणले होते, त्यांना तो तोंड दाखवू शकेना. तू त्याला सर्वांसमोर ढिसाळ म्हणालीस. त्यानंतर तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत. मागच्या दिवाळीत मला दोघांचे वेगवेगळे फोन आले आणि दोघांनीही जाता जाता दुसऱ्याची खुशाली विचारली.

मला वाईट वाटले का? वाटले. पण त्याआधी आनंद झाला होता. अज्जीच्या बाजूला निम्मेच उरले म्हणून.

ती आली होती इथे, सात रस्त्याच्या थांब्यावर बसमधून उतरून रिक्षाने. स्वतःच्या साडीच्या दुकानाला सुट्टी देऊन. बसता बसता म्हणाली, "अक्का, पोरं तुमचं लई ऐकत्यात. एक शब्द टाका की. भाऊ-भैन हायत, असं तुटून चालतंय व्हय?"

मी चहा ओतत होते. म्हणाले, "मी मुलांच्या मतांत पडत नाही."

तिने माझ्याकडे बघितले. मग हसली. "शाळा सुटली अक्का, पण पट्टी काय सुटंना तुमची!" चहा संपवून गेली. पुन्हा कधी हा विषय काढला नाही. तिला कळले होते का? ठाऊक नाही. विचारायचे धाडस मी केले नाही.

तुम्ही दोघे खऱ्या मतभेदावर भांडता आहात, असे समजता. तसे असते तर मी मध्ये आले नसते. मुक्ता, ज्या लेखामुळे तू भावापासून वेगळी झालीस, त्यातली एकही ओळ मला पटलेली नव्हती. फोन उचलला तेव्हा मी ईशानच्या बाजूची होते. लेख लिहिताना होते. आजही आहे.

हे दोघांना एकाच वेळी पाठवते आहे.