थॉमसिनच्या फुलाची फट

आमच्या गावात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या आधी बापाने चर्चमध्ये जायचं आणि कुंडाजवळच्या खांबावर सहा पाकळ्यांचं फूल कोरायचं. भोवती वर्तुळ. वाईट काही बाळाच्या मागे लागलंच तर ते त्या रेघेवर चढतं आणि गोल गोल फिरत बसतं, त्याला बाहेर वाट सापडत नाही. पाद्रीबुवांना हे पसंत नव्हतं, पण त्यांच्या पोरांचीही फुलं तिथे आहेतच.

अँब्रोज सुताराचा हात फार सफाईचा. पहिली मुलगी झाली तेव्हा त्याने कंपासने असं फूल कोरलं की लोक बघायला आले. आणि ती पोर महिन्याच्या आत गेली.

आता आमच्याकडे बाळंतिणीने चर्चमध्ये आशीर्वाद घेईपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नसतो. थॉमसिनने ओलांडला होता. बाप मरणाला टेकलेला, त्याच्या तोंडात पाणी घालायला गेली होती बिचारी. झालं! मार्जरी सुईण सांगत सुटली की आईनेच पोर खाल्ली. बाया थॉमसिनला विहिरीवर येऊ देईनात. मला इतका संताप यायचा! मी भांडलेही, पण माझं कोण ऐकतं?

पुढच्या रविवारी मार्जरीलाच खांबावरच्या वर्तुळात फट दिसली. नखाएवढी. अँब्रोज मान खाली घालून म्हणाला, माझ्या हातून राहिली. त्या दिवसापासून गाव थॉमसिनला सोडून त्याच्या मागे लागलं. काम मिळवायला त्याला पार नदीपलीकडे जावं लागायचं.

थॉमसिनही त्याच्याशी बोलायची थांबली. रांधायची, वाढायची, त्याचे सदरे शिवायची, पण शब्द नाही. मांजरीकडे बघून म्हणायची, "त्याला म्हणावं, सूप गार होतंय." मांजरी मेल्या, नव्या आल्या, दोघांचे केस पांढरे झाले, तरी तेच. मी एकदा म्हटलंही, बाई गं, पुरे आता. तर तिने मलाच घराबाहेर काढलं.

यंदा हिवाळ्यात अँब्रोजच्या छातीत कफ साठला. तो काही उठायचा नाही, हे सगळ्यांना कळत होतं. एका दुपारी थॉमसिन त्याचा कंपास घेऊन माझ्या दारात आली.

"चल माझ्याबरोबर. ती फट बुजवते. तसाच गेला तर तिथेही ते वाईट त्याच्या मागे लागेल."

कंपासचं एक टोक तिने फुलाच्या मधल्या जुन्या भोकात टेकवलं आणि दुसरं रेघेवरून फिरवत आणलं. फटीपाशी तिने जोर दिला, तर दगड खरवडण्याऐवजी टोक आत घुसलं आणि चुन्याचा भुगा पडला. तिने नखाने उकरलं. खाली रेघ होती, जुनी, स्वच्छ कोरलेली, अखंड.

"हे कोणीतरी भरलंय," ती म्हणाली.

चुन्यात काजळी कालवून दगडाचा रंग हुबेहूब साधला होता. एवढ्या सफाईने लिंपणारा माणूस आमच्या गावात एकच. तिला कळलं होतं. खांबाला धरून ती खालीच बसली आणि मोठ्याने रडली, पोरीच्या वेळी रडली नव्हती तशी.

घरी आलो तेव्हा तो जागा होता. तिच्या हातातला कंपास त्याने पाहिला.

"रेघ पुरी होती, अँब्रोज."

तो म्हणाला, "तुला विहिरीवर येऊ देत नव्हते ते."

"मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस होय? मार्जरीच्या दारात जाऊन ओरडली असतीस."

थॉमसिनने चुलीवरचं सूप वाडग्यात ओतलं. मांजर सवयीने तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिला पायाने बाजूला सारून थॉमसिन खाटेवर बसली आणि त्याचं डोकं आपल्या दंडावर घेतलं.

"घे," ती त्याला म्हणाली, "गार होतंय."