गाडी हळू कावून चालली?

माझ्याकडे दोन जिभा आहेत. एक परळीच्या बाजारातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात चालते. थर्मल वीजकेंद्राची उडून आलेली राख फडक्याने पुसत ती गिऱ्हाइकाला सांगते, "घ्या की मामी, लई टिकाऊ हाय." दुसरी माइकसमोर चालते. गावातली लग्नं, सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे सूत्रसंचालन माझंच. माइक हातात आला की माझा 'न' आणि 'ण' असे काही वेगळे होतात की बायको म्हणते, "आता घरी येईस्तोवर तुमच्याशी बोलायला भ्या वाटतंय."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बदलापूरला मेव्हणीकडे गेलो होतो. तिथून एक दिवस माथेरानच्या छोट्या गाडीने जायचं ठरलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची, मुलगा चार. परळीच्या पोरांना रेल्वेचं अप्रूप नाही. पण त्यांची रेल्वे म्हणजे कोळशाच्या वाघिणी ओढणारी, मोजता मोजता झोप येईल एवढी लांब. नेरळच्या फलाटावर ती इवलीशी गाडी बघून मुलाने विचारलं, "पप्पा, ही मोठी कवा व्हणार?"

आमच्यासमोर दादरचं एक वयस्कर जोडपं बसलं होतं. काकांच्या गळ्यात दुर्बीण, काकूंच्या मांडीवर स्टीलचा डबा. डबा किती जाडीचा आहे ते सांगायला माझी पहिली जीभ वळवळली, पण मी तिला आवरलं. समोर श्रोते होते आणि गाडी दोन तासांहून जास्त वेळ घाट चढणार होती. मी मनातल्या मनात माइक उचलला.

"कुठले तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"पुण्याचे."

असं का म्हणालो, ते आजही धड सांगता येत नाही. तोंडातून निघालं आणि बरं वाटलं.

"पुण्यात कुठे?"

"स्टेशनजवळच."

आमचं परळीतलं घर स्टेशनजवळ आहे. त्या उत्तरात खरं होतं ते एवढंच. बायको खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर अजून फलाटच होता.

गाडी सुटली आणि मी सुटलो. वळणं, दरी, रुळावर येऊन बसलेली माकडं, सगळ्यांचं निवेदन केलं. काका म्हणाले, "तुम्ही रेडिओवर असता का हो?" मी नम्रपणे मान खाली घातली. नम्रपणा मला छान जमतो.

तेवढ्यात एका चढाच्या वळणावर गाडी अगदीच मंदावली. मुलीने डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पप्पा, गाडी लई हळू कावून चालली?"

काकू हसल्या. प्रेमानेच हसल्या. "काय म्हणाली ती? कावून? कावून म्हणजे काय गं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. 'कावून म्हणजे का. आम्ही परळीचे,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला एक बाई येतात, मराठवाड्यातल्या. त्यांचं ऐकून ऐकून उचललंय हिने." इथवर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी नसलेला पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि त्या नसलेल्या बाईची नक्कल केली. "कावून गं बाई? आमी न्हाई जात जा." सगळा डबा हसला. आजवर मिळवलेल्या हशांमधला तो चांगल्यांपैकी होता.

आमच्याकडे कामाला बाई नाही. 'कावून' मुलीने माझ्या आईकडून घेतला आणि आईने तो नेकनूरहून, तिच्या माहेराहून आणला. तो हेल आईचा होता. नक्कल चांगली वठली, कारण ती माणसं मला पाठ होती.

मुलीला हे सगळं कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग सरकून भावाजवळ बसली. पुढे जुम्मापट्टीला गाडी थांबली. मी काकडी घेतली, मीठ-तिखट लावून सगळ्यांना वाटली. मुलीने घेतली नाही. गाडी पुन्हा निघाली. थोड्या वेळाने ती भावाच्या कानात काहीतरी कुजबुजली. मी काकूंना कौतुकाने म्हणालो, "बघा, बहीण-भावाची गुपितं."

आणखी तीन-चार वळणं गेली. मग बायको एकदम उठली. बाक ओला झाला होता, मुलीचा फ्रॉक ओला झाला होता, आणि मुलगी दोन्ही हातांनी फ्रॉक दाबून खाली बघत होती.

"ताई मला मगाच म्हनली, शू आली," मुलगा म्हणाला. "मी गाडी बघत होतो."

बायको पुण्याची झालीच नव्हती. ती डब्यातल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "कावून सांगितलं न्हाई गं बाळा?"

"हसत्यात," मुलगी म्हणाली.

काकूंनी आपल्या पिशवीतून टॉवेल काढून दिला. पुढच्या सगळ्या प्रवासात त्यांनी पुण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारावा असं मला फार वाटत होतं. खोटं सुधारायला निमित्त लागतं, आणि निमित्ताशिवाय तोंड उघडायचं मला धाडस नव्हतं.

वर पोचल्यावर बायकोने एका नळावर फ्रॉक धुतला. मुलीने तो दिवस माझ्या पांढऱ्या शर्टात काढला, मी बनियनवर स्वेटर घालून. फ्रॉक पिळता पिळता बायको माझ्या आईबद्दल म्हणाली, "आत्याबाईला काय सांगू? तुमच्या लेकानं तुमाला भांडी घासायला ठेवलंय म्हणून?" मी भांड्यांचा दुकानदार. एरवी या वाक्यावर मीच पहिला हसलो असतो.

दुकानात मी या सहलीचे किस्से खूप रंगवले. 'ही मोठी कवा व्हणार' वर तर गिऱ्हाईक चहा सांडेपर्यंत हसतं. डब्यातलं मात्र कुणाला सांगितलं नाही. एकदा रंगात येऊन त्या वळणापर्यंत पोचलो होतो, तर मुलगी दप्तर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी. "मग पुढं काय झालं, शेठ?" गिऱ्हाइकाने विचारलं. मी म्हणालो, "पुढं काय, गाडी पोचली."

मुलगी आता आठ वर्षांची आहे. आजीला आणि आईला ती अजून "कावून" विचारते. मला "का" विचारते. माझ्याशी बोलताना तिचा 'न' आणि 'ण' वेगळा असतो. बाई शाळेत कौतुक करतात.

परवा दुपारी घरची लाईट गेली. ती म्हणाली, "पप्पा, लाईट का गेली?"

मी म्हणालो, "कावून गेली, काय म्हाईत."

ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, मी हसतो की काय ते बघायला.