एक जूनला जन्मलेले खेळाडू

रोज सकाळी मैदानावर आलं की उद्धवभाऊ मेहरे आधी आपली हॉकीस्टिक पुसायचे. स्कूटरवर मेथीच्या रिकाम्या पोत्यांत ती खोचलेली असायची आणि पोती दवानं ओली. ओल लागली की लाकूड जड होतं. म्हणून खिशात जुन्या बनियनचा तुकडा. मुठीपासून वाकापर्यंत एकदा, मग वाकापासून मुठीपर्यंत. घाई नाही. तोवर बाकीचे बूट बांधत बसलेले असायचे आणि एसटीतून निवृत्त झालेला नत्थुजी ड्रायव्हर हमखास ओरडायचा, "भाऊ, नवरी सजवून राहिले का?"

"तुले घरी कोनी पुसत नाई, म्हनून जळून राहिला तू," उद्धवभाऊ मान वर न करता म्हणायचे.

वय पंचावन्न. कागदावर त्रेपन्न. तिवशाजवळ दोन एकर ओलिताचं रान, त्यात मेथी, कोथिंबीर, पालक, बांधाला थोडा झेंडू. पहाटे माल अमरावतीच्या बाजारात उतरवायचा, माणिकबाईंना त्यांच्या जागेवर बसवून द्यायचं आणि सहाच्या ठोक्याला मैदान गाठायचं. सातला परत. या एका तासावरून घरात कधी कुरकुर झाली नव्हती. "दुसऱ्यायचे नवरे टपरीवर बसते," माणिकबाई शेजारणीला सांगायच्या, "माहा पयते तरी."

शाळेत असताना उद्धवभाऊ अमरावतीच्या वसतिगृहात होते. तिथल्या पीटीच्या सरांनी हातात स्टिक दिली. अकरावीत जिल्ह्याच्या संघात नाव लागलं आणि त्याच आठवड्यात वडील विहिरीच्या कामात पाय मोडून बसले. संघ यवतमाळला गेला, उद्धव पाणी धरायला गावाकडे. नोटीस बोर्डावरच्या त्या यादीत खाली आपलं नाव होतं, एवढंच त्यांना आठवायचं. पुढं वीस वर्षांनी, बाजारातून परतताना त्या मातीच्या मैदानावर चारपाच जण चेंडू मारताना दिसले आणि त्यांनी स्कूटर थांबवली.

सकाळचे ते चौदा जण होते. कॉलेजातली करिश्मा सर्वात लहान, निवृत्त वकील वामनराव धर्माधिकारी वयानं सर्वात मोठे. संघ असे नव्हतेच. सगळ्यांनी आपापल्या स्टिक मैदानाच्या मध्यावर ढीग करून टाकायच्या. गोलकीपर वामनराव डोळे मिटून त्या ढिगातून एकेक काठी उचलत, एक डावीकडे टाकत, एक उजवीकडे. ज्याची काठी जिकडं पडली, तो त्या बाजूचा. काल ज्याला पाडलं, आज त्यालाच पास द्यायचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी अकोल्याची मंडळी यायची, किंवा हे तिकडं जायचे. तेव्हाही तोच ढीग. अमरावतीच्या अर्ध्या काठ्या अकोल्याच्यात मिसळायच्या. अठरा वर्षं हा सामना चालू होता, आणि अमरावती जिंकली की अकोला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. घरी गेल्यावर माणिकबाई विचारायच्या, "कोन जिंकलं?" उद्धवभाऊ म्हणायचे, "अर्धे अर्धे." त्या दिवसाची ते दसऱ्यापासून वाट पाहत. तोंडानं कधी म्हणाले नाहीत.

मग वामनरावांचं बोट मोडलं.

पावसाळ्यात निसरड्या चिखलावर चेंडू उसळला आणि ग्लोव्हवरून बसला. तीन आठवडे वामनराव प्लास्टर घेऊन नुसते बघायला येत. त्याच दिवसांत अमोलनं विषय काढला. अमोल शिकवणीचे वर्ग चालवायचा, चाळिशीच्या आतला, उत्साही. बोलताना त्याचे हात सतत फळ्यावर लिहिल्यासारखे हलायचे.

"असं बेवारस किती दिवस खेळायचं, काका? राष्ट्रीय संघटनेत नोंदणी करू. विमा मिळतो. ओळखपत्र मिळतं. पन्नाशीच्या वरच्यांची स्पर्धा असते डिसेंबरात, सात-सात जणांची, राज्यपातळीवर. आणि उद्या हे मैदान कोणी मागितलं, तर आपल्याजवळ दाखवायला काय आहे?"

"माहा गुडघा दाखव," नत्थुजी म्हणाला.

वामनरावांनी डाव्या हातानं माहितीपत्रक धरून सगळी बारीक अक्षरं वाचली. "विमा आहे. पण संघटनेनं मान्य केलेल्या सामन्यात लागलं तर. सकाळी इथं पडलो तर आपलं आपण पाहायचं."

"मंग काय, पडाचं असन तं डिसेंबरातच पडू."

सगळे हसले. अमोलही हसला, पण त्यानं विषय सोडला नाही. मैदानाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पलीकडचा तुकडा गेल्याच वर्षी पार्किंगला गेला होता. शेवटी कागद गोळा करायचं काम उद्धवभाऊंकडं आलं, कारण ते एक दिवस चुकत नसत आणि त्यांना नाही म्हणता येत नसे. एक कारण त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. ओळखपत्रावर नाव असणार, फोटो असणार, आणि खाली छापलेलं असणार: खेळाडू. तो शब्द कुठल्याच कागदानं त्यांना दिला नव्हता. शेतकरी दिला होता, विक्रेता दिला होता.

चौदा जणांचे शाळा सोडल्याचे दाखले आले. वामनरावांनी ते मैदानाकडेच्या पिंपळाच्या पारावर पसरले आणि चष्मा वर सरकवला.

"उद्धव, ही काय भानगड? नऊ जणांचा जन्म एक जूनचा?"

भानगड काही नव्हती. खेड्यात जन्माची तारीख कोण लिहून ठेवणार? आई सांगायची, ज्वारी निसवली होती तेव्हाचा तू. शाळेत नेलं की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग मागची सहा वर्षं मोजून गुरुजी रजिस्टरात टाकत, एक जून. उद्धवभाऊंचे हात लहानपणी आखूड होते. दोन वर्षं कान लागलाच नाही.

"माझी तर पत्रिका आहे," वामनराव म्हणाले. "घटका, पळांसकट."

"तुमी बामन. तुमचा कान आधीच लागला असन," नत्थुजी म्हणाला.

संघटनेच्या संगणकाला यातलं काही माहीत नव्हतं. एका गटातले नऊ जण एकाच तारखेला जन्मलेले दिसल्यावर त्यानं नऊही अर्ज अडकवले. पत्र आलं: वयाबाबत संशय, सबळ पुरावा द्यावा. पुढचे दोन महिने उद्धवभाऊ सात वाजल्यानंतर बाजारात जाण्याऐवजी कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभे असत. ग्रामपंचायत, शाळा, तहसील. प्रतिज्ञापत्रं वामनरावांनी फुकट लिहून दिली. माणिकबाई एकट्या टोपल्या उचलत. एकदा फक्त म्हणाल्या, "खेयाले इतके कागद लागते, तं काम कराले किती लागन?"

अकरा जणांची ओळखपत्रं ऑक्टोबरात आली. नत्थुजी आणि आणखी दोघे राहिले. नत्थुजीची शाळाच बंद पडली होती, रजिस्टर कुठं गेलं कुणाला ठाऊक नव्हतं. उद्धवभाऊंनी आपलं कार्ड बाजारात नेऊन माणिकबाईंपुढं धरलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कार्ड उन्हात तिरकं करून पाहिलं.

"फोटोत असं तोंड कावून केलं? मेथी इकली नाई वाटते."

पण दिवसभर त्यांनी ते परत दिलं नाही. गिऱ्हाइकांना दाखवत होत्या.

आपल्या कार्डावर करिश्माला नागपूरच्या पंच-प्रशिक्षणात जागा मिळाली. गळ्यात शिट्टी घालून ती मैदानावर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला पुढं काहीतरी दिसू लागलं होतं, ते तिच्या चालण्यात कळत होतं. उद्धवभाऊंना मनापासून बरं वाटलं.

सकाळ मात्र बदलली. डिसेंबरच्या स्पर्धेसाठी अमोलनं संघ ठरवून टाकला. कोण पुढं, कोण मागं, कोणाच्या जागी कोण. ढीग करायचं थांबलं. कार्ड नसलेल्या तिघांना काय करावं सुचेना. नत्थुजी गोलच्या मागं उभा राहून चेंडू आणून द्यायचा. तीन दिवस दिले. चौथ्या दिवशी आला नाही. उद्धवभाऊ अमोलनं सांगितलेल्या जागी उभे राहत आणि एका तासाला दोनदा घड्याळ पाहत. पूर्वी त्यांनी मैदानावर घड्याळ पाहिलेलं कुणाला आठवत नव्हतं.

दिवाळी जवळ आली तसं अमोलनं संघटनेचं आणखी एक पत्र वाचून दाखवलं. नोंदणीकृत खेळाडूंनी मान्यता नसलेल्या सामन्यात खेळू नये. खेळल्यास वर्षभरासाठी नोंदणी स्थगित.

"म्हणजे अकोला?" वामनरावांनी विचारलं.

"यंदा नको. त्यांच्यातल्या एकाचीही नोंदणी नाही. डिसेंबर तोंडावर आहे." अमोलनं पत्राची घडी घातली. "उद्धवकाका, दरवर्षी फोन तुम्हीच करता. तुम्हीच सांगा त्यांना."

अकोल्याच्या बाजूनं फोनवर असायचा कुंदन. राहायला अकोल्यात, तेल्हाऱ्याच्या शाळेत मास्तर. उद्धवभाऊंनी दुपारी, बाजार मंदावल्यावर, भाजीच्या रिकाम्या क्रेटवर बसून फोन लावला.

"बोला भाऊ! तुमचीच वाट पाहून राहिलो," कुंदन म्हणाला. "यंदा पाळी आमची. रोडगे सांगून ठेवले, वांग्याची भाजी. माह्या शेतातलेच वांगे. किती जन येता? पीठ त्या अंदाजानं भिजवा लागते."

उद्धवभाऊंनी तोंड उघडलं. समोर माणिकबाई कोमेजलेल्या पालकावर पाणी शिंपडत होत्या.

"हॅलो? भाऊ?"

"सांगतो," उद्धवभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

"नाई म्हनता आलं नाई न?" माणिकबाई न वळता म्हणाल्या.

दोन दिवस ते सांगायचं राहून गेलं. अमोल रोज विचारी, ते मान हलवत. हो, की नाही, त्यांचं त्यांनाही नक्की नव्हतं. थकवा पायांत नव्हता, कुठं होता ते दाखवता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर ते अमोलजवळ गेले.

"मी चाललो अकोल्याले. रविवारी."

अमोल बूट सोडता सोडता वळला. "काका, कार्ड जाईल तुमचं. दोन महिने उन्हात फिरलात त्याच्यासाठी."

"हाव."

"एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या दिवाळीला आपणच त्यांची नोंदणी करून घेऊ, मग खेळू."

"अकोलेवाले थांबतीन रे. माहा गुडघा थांबीन का?" त्यांनी स्टिक काखेत धरली. "तू चुकीचं सांगून नाई राहिला, बाप्पा. तुया जागी मी असतो तं हेच म्हनलं असतं. पन अठरा वर्सं झाले. मले त्यायले नाई म्हनता येत नाई."

वामनराव बाजूला पॅड सोडत बसले होते. त्यांनी काहीतरी बोलायला मान वर केली, आणि पुन्हा पट्ट्याकडं वळले. स्पर्धेत संघाला गोलकीपर एकच होता.

रविवारी सकाळच्या एसटीनं चौघे निघाले. उद्धवभाऊ आणि कार्ड नसलेले ते तिघे. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. नत्थुजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून प्रत्येक गिअरला नावं ठेवत होता. स्टँडवर कुंदन उभा होता. त्यानं चौघांच्या मागं पाहिलं, बसचं दार बंद होईपर्यंत पाहिलं. मग उद्धवभाऊंच्या हातातली पिशवी घेतली. 

अकोल्याचे नऊ, हे चार. ऊन कोरडं होतं, काळी माती भेगाळलेली. तेरा काठ्यांचा ढीग छोटाच दिसत होता. कुंदननं डोळे मिटून वाटणी केली. एक काठी उरली, ती कुणाची कुठं याचा मग फारसा विचार झाला नाही. उद्धवभाऊंचा गुडघा दुसऱ्या भागात बोलू लागला. ते एका जागी उभे राहून, येईल तो चेंडू शांतपणे पुढं देत राहिले. एकदा डावीकडून आलेला चेंडू त्यांनी न थांबवता उलट्या बाजूनं टोलवला आणि तो नेमका एका अकोलेवाल्याच्या पायाशी जाऊन थांबला. गणित बरोबर आल्यावर मास्तर म्हणतात तसं ते स्वतःशीच "हं" म्हणाले. जेवताना कुंदननं रोडगा फोडून त्यांच्या ताटात तूप ओतलं. पीठ वीस जणांचं भिजवलं होतं. उरलेले रोडगे कागदात बांधून दिले.

निघताना सगळ्यांचा फोटो काढला, कुंदननं तो कौतुकानं दोन्हीकडच्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणी पुढं पाठवला ते कळलं नाही. बारा दिवसांनी जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं. वर्षभरासाठी स्थगित, कार्ड जमा करावं.

"काका, मी नाही पाठवला," अमोल म्हणाला. त्याचे हात पहिल्यांदाच स्थिर होते.

"मले माईत हाये."

"तुम्ही येत जा तरी. बसा इथं. आम्हाला बरं वाटतं."

उद्धवभाऊ हसले. स्थगित माणूस काठावर बसलेला कार्यालयातल्या कुणी पाहिला, तर संघालाच त्रास. आणि नुसतं बसणं त्यांना येत नव्हतं. चेंडूंची पिशवी आणि गोलकीपरच्या पेटीची किल्ली इतकी वर्षं त्यांच्याकडं असायची. त्यांनी दोन्ही अमोलच्या हातात दिलं. कार्ड आदल्याच दिवशी कार्यालयात परत गेलं होतं. माणिकबाईंनी ते कुंकवाच्या डब्यातून काढून दिलं.

पलीकडं करिश्मानं शिट्टी वाजवली. बाकीचे आपापल्या जागी गेले. वामनरावांनी गोलमधून हात वर केला, उद्धवभाऊंनीही केला. मग स्कूटर ढकलत ते फाटकापर्यंत गेले आणि काहीतरी आठवून मागं वळले.

"अमोल, फाटकाची कडी लावून घेत जा रे. गाई येते आत."