कुत्रीचा उपास

आमच्या कुत्रीची पिशवी काढायची ठरली तेव्हा महाल भागातल्या आमच्या गल्लीत हसं झालं. आता कुत्र्यांचीही नसबंदी काय, असं आमच्या गल्लीतला रिक्षावाला म्हणाला. पण तिची दोन वेतांची पिल्लं रस्त्यावर गाड्यांखाली चिरडून मेली होती. मी ऐकणाऱ्यातला नव्हतो.

जनावरांच्या दवाखान्यात आधी पिसाळू नये म्हणून सुई झाली. मग डॉक्टरनं सोमवार दिला आणि सांगितलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, सोमवारी कुत्रीचा उपास आहे.

"उपास नाही, उपाशी म्हटलं असन. विचारून या न."

"मले मराठी समजत नाही काय वं? जन्मभर सोमवार करून राहिलो मी."

तिनं पुन्हा भाकरी थापायला घेतल्या.

रविवारी रात्री कुत्रीला भाकर दिली नाही. सकाळी ती चुलीपाशी येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसली. साबुदाण्याची उसळ उपासाला चालते, म्हणून माझ्यातलीच थोडी तिच्या ताटलीत वाढली. मिरच्या तेवढ्या वेचून काढल्या.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काही खाल्लं नाही ना? मी छाती पुढे काढून सांगितलं, अन्नाचा कण नाही, कडक उपास आहे.

गुंगीच्या सुईनं तिचे पाय लुळे पडले. टेबलावर घेतली आणि तिला ओकारी आली. तीही नीट बाहेर पडेना, घशात अडकली. जीभ निळी झाली. डॉक्टरनं तिला उलटं धरलं, जीभ ओढून घशात बोट घातलं. बोटाला साबुदाणा चिकटून आला.

"काका, हे काय?"

दारात आम्हाला घेऊन आलेला गल्लीतला रिक्षावाला उभा होता, तो म्हणाला, "काकाजी, कुत्रीले फराळ केला काय गा?" बकऱ्या घेऊन बसलेले लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. ती धापा टाकायला लागेपर्यंत तिच्या छातीवरून त्यांनी हात काढला नाही.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. घरी मी सांगितलं, डॉक्टर आले नव्हते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला खरं कळलं होतं, बायकोलाही. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

पुन्हा नेण्याच्या आदल्या रात्री तिनं कुत्रीला मागच्या खोलीत कोंडलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी आमच्यासोबत तीही आली. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग तिलाच विचारलं, काही दिलं का?

"पाणीसुद्धा नाही," ती म्हणाली.

कुत्रीला आत नेलं. मी मोकळी साखळी हातात धरून बाहेर उभा राहिलो.