लिस्बनहून वाचणारा मिंचो

गोर्ना ओर्याहोवित्साच्या रेल्वे यार्डात मिंचो द्रागनेव्हनं चौतीस वर्षं मालगाड्यांचे डबे लावले. कुठला डबा कुठल्या रुळावर उभा आहे हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगायचा. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. चौकात बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या सोंगट्यांवरही त्याचं लक्ष. "तुझा उंट विसरलास की तिकडे," असं आपणच सांगायचा आणि मग आपणच हरायचा. अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी आपण स्वतः कुठं आहोत हेच कळेनासं झालं. आता हसू नका, ऐका.

मुळात भांडण बहिणीशी. राइना त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, राहायला बुर्गासला, समुद्रकाठी. नवरा गेल्यावर तिनं इंटरनेटवर स्वतःचं पान काढलं आणि घरातल्या गोष्टी लिहायला लागली. बाई लिहायची झकास, त्यामुळेच पंचाईत झाली. 'माझा थोरला भाऊ' म्हणून तिनं एकदा लिहिलं, की या हुशार गृहस्थानं साखर कारखान्याला जायचा बीटचा डबा सिमेंटच्या गाडीला जोडून दिला, तो अकरा दिवसांनी वासावरून सापडला. अख्खं यार्ड हसलं. मिंचोनं तिचा नंबर फोनवर बंद करून घेतला आणि बोलणं टाकलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

बोलणं टाकलं, वाचणं नाही. रोज सकाळी सातला कॉफी घेऊन बसायचा आणि आज आपल्याबद्दल काय बकलीय ते बघायचा. बकली असली तरी चडफडायचा. नसली तर जास्त चडफडायचा.

यंदा जुलैत किर्चोनं बॉम्ब टाकला. किर्चो म्हणजे यार्डात डबे जोडणारा-सोडणारा जुना शंटर, मिंचोचा बुद्धिबळातला जोडीदार. त्याची मेहुणी राइनाच्या शेजारी राहते.

"तुझी बहीण सांगत होती म्हणे, आमचा दादा बोलत नाही, पण रोज सातला हजेरी लावतो."

"तिला काय स्वप्न पडतं?"

"अरे लेका, तिच्या पानाच्या कडेला नकाशा आहे. कोणत्या गावातून कोण आलं ते दाखवतो. 'गोर्ना ओर्याहोवित्सा, एक.' आता आपल्या गावात ते वाचणारा दुसरा येडा कोण असणार?"

मिंचोचे कान बिटासारखे लाल झाले. घरी येऊन पाहिलं, तर खरंच होतं. सहा वर्षं तो ठिपका त्याच्या नाकासमोर होता, आणि तो त्याला जाहिरात समजत होता.

स्टेशनजवळच्या भुयारी रस्त्यात येलित्साचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. तिथं तो गेला. "पोरी, मला वाचायचंय, पण मी वाचलं हे कोणाला कळता कामा नये."

"सोपं आहे काका. मध्ये दुसऱ्याचा संगणक घालायचा. तुम्ही त्याला सांगायचं, तो जाऊन पान आणणार. तिकडे त्याचं गाव दिसेल."

"म्हणजे दलाल."

"दलाल म्हणा. पण एकच ठेवला तर त्याला तुम्हीही माहीत आणि तुमचा पत्ताही माहीत. तो फुटला की संपलं. म्हणून एकामागे एक तीन लावू. पहिल्याला कळतं कोण निघालं, पण कुठं ते नाही. तिसऱ्याला कळतं कुठं जायचं, पण कोणासाठी ते नाही."

"आणि मधल्याला?"

"मधल्याला काहीच कळत नाही."

"म्हणजे स्टेशनमास्तर." मिंचोनं डोकं खाजवलं. "थांब. प्रत्येक यार्डात डब्यावरची चिठ्ठी बदलायची, असंच ना?"

"अगदी असंच."

"आमच्याकडे यासाठी निलंबित करत."

तरी त्यानं लावून घेतलं. बुखारेस्ट, मग रेक्याविक, मग लिस्बन. दुसऱ्या दिवशी सातला नकाशावर 'लिस्बन, एक' उमटलं, तेव्हा मिंचो एकटाच खोलीत टाळ्या वाजवत बसला.

पुढं मात्र सगळा गोंधळ. पान मालगाडीच्या चालीनं यायचं. हवामान लिस्बनचं दिसायचं. कोरडं ऊन वाचून छत्री घरी ठेवली आणि बाजारातून भिजून आला. जाहिराती अशा भाषेत, की विकताहेत काय तेही कळेना. बुद्धिबळाच्या पानानं त्याला डाव अर्धा असताना हाकललं: सकाळी तुम्ही एका देशात होता, आता दुसऱ्यात, तेव्हा तुम्ही तुम्हीच कशावरून?

"कशावरून म्हणजे?" तो पडद्यावर ओरडला. "माझी खेळी बघ ना, अशी वाईट दुसरं कोण खेळतं?"

पण याहून मोठं कोडं वेगळंच होतं. राइनानं भावाबद्दल लिहिणं थांबवलं. आधी बाल्कनीतल्या शेपूच्या रोपावर चार ओळी लिहिल्या. मग दोनच. मग चार दिवस काहीच नाही. कोणी आपल्याला पाहत नाही, हेच तर मिंचोला हवं होतं. ते मिळालं, तर जेवण का जात नव्हतं? त्यानं दही-काकडीचं गार सूप केलं आणि ते वाडग्यात तसंच आंबून गेलं.

ऑगस्टच्या मध्यावर, सातलाच, नवा मजकूर दिसला.

'सहा वर्षं मी दादाची विचारपूस केली नाही. गरजच नव्हती. सातला गोर्नाचा ठिपका उमटला की मी म्हणायची, उठलाय, कॉफी घेतोय, माझ्यावर चिडलाय. ठीक आहे. आता बावीस दिवस ठिपका नाही. माझा नंबर त्यानं बंद केलाय, आणि ज्या शेजारणीचे नातेवाईक गोर्नात आहेत ती गावाला गेलीय. गोर्नातलं दुसरं कोणी हे वाचत नाही, मला माहीत आहे. म्हणून लिस्बनच्या वाचकाला विचारते. तुम्ही रोज येता, तिकडच्या पहाटे पाचला. आपलेच कोणी परदेशी गेलेले असाल. गोर्नात तुमची ओळख आहे का? कोणाला तरी आमच्या दादाचं दार वाजवायला सांगाल का?'

मिंचोनं दोनदा वाचलं. मग उठून स्वतःच्या दाराकडे पाहिलं. का पाहिलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं खाली लिहिलं: 'चौकशी केली. ठणठणीत आहे.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'कोणी पाहिलं? खोकतो का अजून? उपकार झाले, पण लिस्बनहून कोणीही काहीही लिहील हो. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. कार्नोबात स्टेशनला गाडी बदलून येईन.'

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. ही रडत येणार, सगळ्या गावासमोर, आणि दार उघडल्यावर आपण काय सांगायचं? पोर्तुगालला होतो? दलाल काढून टाकायला बसला. एक कळ दाबली, तर लिस्बनचं हेलसिंकी झालं. दुसरी दाबली, तर सगळंच पान गेलं. धावत भुयारात गेला. येलित्साच्या दुकानाला कुलूप, वर चिठ्ठी: 'समुद्रावर गेले आहे, सप्टेंबरात या.' ऑगस्टात या देशात कोण जागेवर सापडतं!

स्वतःच्या फोनवर बंद केलेला नंबर परत कसा उघडायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. किर्चोच्या घरून करावा, तर नंबर पाठ नव्हता, किर्चोही समुद्रावर. शेवटी गावच्या वाचनगृहात शिरला. तिथं सगळ्यांसाठी ठेवलेला एक जुना संगणक आहे. ग्रंथपाल सेव्दा विणकाम करत होती.

"काय हवंय, मिंचोदादा?"

"यात दलाल आहेत का?"

"कसले दलाल? उंदीर आहेत, ते कपाटात."

त्यानं पान उघडलं. कडेच्या नकाशावर एक ठिपका आला. 'गोर्ना ओर्याहोवित्सा, एक.'

"सेव्दा, इकडे बघ. हा एक म्हणजे मीच ना?"

"मग काय मी? मी विणतेय."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग दोन बोटांनी अक्षरं शोधत, खाली पूर्ण नाव घालून लिहायला लागला. 'राइना, कार्नोबातला बदलू नकोस. तिथं पुढची गाडी कधीच वेळेवर सुटत नाही, तू उन्हात बसशील. स्तारा झागोराला बदल, डोंगरातल्या वाटेनं ये, डाव्या खिडकीशी बस. मी फलाटावर असेन.'

पाठवायची कळ कुठली, ते सेव्दाला विचारावं लागलं.