गंगम्माची ट्रॉली आणि सीनेची वाळू

गंगम्माला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घोडीच्या पोटावर पाय रोवून तंग, म्हणजे वझ्याचा पोटपट्टा, आवळत होती आणि कानडीत शिव्या देत होती. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन परंड्याकडच्या आमच्या गावात आले होते. धाराशिवच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, सासरच्या चुलीशी अजून जमत नव्हतं. नवऱ्याबरोबर रान बघायला म्हणून सीनेपलीकडं गेले, तर तिथं ही. माझ्याएवढीच पोरगी, कमरेला मूल, आणि आवाज असा की नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जावा. मला ती तेव्हाच आवडली. मला हळू बोलणारी माणसं आवडत नाहीत.

तिचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. दिली भूमकडच्या बिराप्पाला. धनगराचं घर. दिवाळी झाली की यांचा तळ डोंगरावरून खाली सीनेकडं उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत वर जातो. आमच्या रानात ऊस लावायच्या आधी त्यांच्या मेंढ्या बसवतात. म्हणजे रात्री कळप रानातच कोंडायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत जिरलं की दुसऱ्या खताची गरज पडत नाही. त्या बदल्यात त्यांना ज्वारी. हंगामातला पहिला तळ आमच्याच रानात पडायचा, हे बिराप्पाच्या वडलांपासून चालत आलेलं. आणि त्या पहिल्या तळाची चूल घरातल्या थोरल्या बाईनं आपल्या हातानं मांडायची. सुनेनं मांडलेली चालत नाही.

पुरुष मेंढ्यांमागं फिरत, बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर जात. गंगम्माच्या घोडीवर काय नसायचं? भांडी, वाकळा, मेंढ्या कोंडायची जाळी, कोंबड्यांचं डालगं आणि या सगळ्याच्या वर बांधलेलं झोपाळू पोर. ते पोर म्हणजे समर्थ. आता त्याच्या मिशीला पांढरं लागलंय. दर वर्षी मी काठावर उभी राहून ही वरात बघायची. मी गावच्या शाळेत शिकवायला लागले होते, वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासायच्या पडलेल्या असायच्या, पण मी जायचेच. पुढं मी मुख्याध्यापिका झाले, केस पिकले, माझे यजमान कृष्णराज गेले, तरी दिवाळीनंतर कान नदीकडंच असायचे.

मग सगळं एकामागून एक झालं. बिराप्पा गेले. गंगम्माचे गुडघे गेले. तरी दोन वर्षं ती घोडीवर बसून आली. लादलेल्या घोडीवर बसणं तिला कमीपणाचं वाटायचं, म्हणून गाव आलं की उतरून लंगडत चालायची. परवाच्या उन्हाळ्यात घोडीही मेली. तेव्हा समर्थनं एक जुनी जीप घेतली आणि मागं जोडायला एक दुचाकी ट्रॉली बांधून घेतली. वर पत्र्याचं छत, आत एक बाज, पाण्याचं पिंप, खाली कोकरांसाठी जाळीचा कप्पा. चाकावरचं घरच म्हणा. पोरानं कल्पना चांगली लढवली होती.

पण त्यानं आईला एक अट घातली, आणि ती मला फोनवर आधीच सांगून ठेवली. आमच्या रानाकडं जायला नदीतूनच वाट आहे. पलीकडचा जुना गाडीरस्ता शेजाऱ्यानं केव्हाच नांगरून टाकलाय. तर ट्रॉली सीनेची वाळू चढली, तर आई यंदा तळाबरोबर राहणार. नाही चढली, तर ती भूमला घरी, पावसाळ्यापर्यंत. गंगम्मानं मान्य केलं होतं. तिला वाटलं, यात काय अवघड.

ती मंडळी आली त्या दुपारी मी छत्री घेऊन काठावर होते. मेंढ्या सकाळीच उतारानं पलीकडं गेल्या होत्या, सून अयोध्या त्यांच्याबरोबर. ट्रॉलीच्या चाकांना भंडारा लावलेला. गंगम्मा बाजेवर पाय पसरून बसलेली, हातात पानाची चंची. मला बघून म्हणाली, "बाई, बगा, आता मी मोटारवाली झाले."

मी चाकाला हात लावला. दगड. विचारलं, हवा किती भरलीय. तर समर्थ आईकडं बघायला लागला. परंड्यात टायरच्या दुकानात यानं नेहमीएवढी भरायला सांगितली होती, पण बाईसाहेब बाजेवरून ओरडल्या की अजून भर, अजून भर. तिचं गणित सरळ होतं. घोडीचा तंग ढिला राहिला की वझं फिरतं आणि चार भांडी फुटतात. तंग आवळला की वझं हालत नाही. मग एवढं मोठं वझं ओढायचं तर चाक आवळलेलं नको का? चाळीसएक वर्षं घोड्यावर बिऱ्हाड बांधणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार. तिनं जीपचीही चारी चाकं तशीच करून घेतली होती.

मी काही बोलायच्या आत समर्थनं गाडी वाळूत घातली. सुरुवातीला ओलसर पट्टा होता, तिथं बरी गेली. पुढं कोरडी, भुसभुशीत वाळू लागली आणि चाकं फाळासारखी आत उतरली. त्यानं जोर दिला, चाकं जागेवर फिरली आणि आणखी उतरली. ट्रॉलीचा पुढचा दांडा वाळूला टेकला. कोकरं ओरडायला लागली.

त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "झालं आई. ठरल्यापरमानं."

गंगम्मानं चंचीची गाठ मारली आणि समोर पाहिलं. पलीकडच्या काठावर मेंढ्या रानाच्या तोंडाशी घोळका करून उभ्या होत्या आणि अयोध्या तिथून हात करत होती. चूल मांडल्याशिवाय तिला कळप आत घेता येत नव्हता.

शेवटी गंगम्मा म्हणाली, ट्रॅक्टर बोलवा. रणधीरचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा, ट्रॅक्टर उसाची खेप घेऊन कारखान्याच्या रांगेत अडकला होता, ते मी सांगितलं. समर्थ म्हणाला की ट्रॅक्टर आज मिळंल हो, पण पुढं दर नदीला, दर ओढ्याला तो कुठनं आणू? त्याचंही खोटं नव्हतं.

मी चपला काढल्या आणि वाळूत शिरले. आमच्या ह्यांची जुनी जीप असायची. गृहस्थ तिला घेऊन रोज रानात जायचे आणि आठवड्यातून दोनदा वाळूत रुतायचे. फावडी झाली, फळ्या झाल्या, माणसं ढकलून झाली. मग एकदा लष्करातून आलेल्या कोणा मित्रानं सांगितलं की हवा सोड. तेव्हापासून नदीच्या तोंडाशी आलं की हे उतरायचे, काडीनं चाकाच्या व्हॉल्वची घुंडी दाबून हवा सोडायचे, आणि मी गाडीत बसून त्या सुंऽऽ आवाजाला वैतागायची, कारण मला शाळेला उशीर व्हायचा. आज तो आवाज कुठं ऐकायला मिळाला तर मी तासभर थांबेन.

मी समर्थला म्हटलं, सहाही चाकांची हवा सोड. निम्मी. टायर खाली बसून पसरला की वाळूवर तरंगतो, कडक असला की कापत जातो.

गंगम्मा बाजेवरून म्हणाली, "न्हाय. निघताना भरलेलं वाटंत सोडायचं न्हाय. भंडारा लावलाय चाकाला."

"मग बस इथंच," मी म्हटलं.

"तुमची जीप तर निम्मी जिंदगी वाळूतच हुती, बाई. आमची घोडी काढायची तिला वडून."

हे खरं होतं. दोनदा काढली होती. पण मला त्या घोडीवरूनच आठवलं. त्या काळी सीनेला पाणी जास्त असायचं, आणि बिराप्पा काठावर थांबून घोडीशी काहीतरी करायचे, ते मी लांबून पाहिलेलं होतं.

मी विचारलं, "घोडी खोल पाण्यात घालायच्या आधी बिराप्पा काय करायचे?"

तिनं समोरच्या वाळूकडं पाहिलं. मग चंची कमरेला खोचली.

"तंग ढिला करायचे," ती म्हणाली. "आवळल्याली घोडी पाण्यात फुगती आन् बुडती. तिला मोकळं सोडलं की पवती." आणि मग लेकाकडं वळून, "उभा काय ऱ्हायलास? सोड हवा."

समर्थ बसला. एकेक चाक घेतलं. मोजायचं यंत्र नव्हतं, तेव्हा कृष्णराज बघायचे तसं मी बघत होते: टायरचं पोट खाली थोडं सुटलं पाहिजे, पण रिम जमिनीला टेकता कामा नये. ट्रॉलीच्या एका चाकाची जास्त सोडायला निघाला तेव्हा त्याला दटावलं. मग दांड्याखालची वाळू हातानं उपसली. पाण्याचं पिंप पुढं होतं, त्याचा भार दांड्यावर येत होता. ते आसाच्या वर सरकवलं. गंगम्माला उतरवावं का, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, मी काय पिंपाहून जड हाय का.

मी त्याला सांगितलं, हळू घाल, एका चालीनं, मधे थांबू नकोस, ब्रेक मारू नकोस, वळायचं झालंच तर लांबून वळ. त्यानं गाडी सुरू केली. जीप जरा मागं डोलली, मग पुढं सरकली, आणि ट्रॉली खड्ड्यातून अशी वर आली जशी म्हातारी बाई जमिनीवरून हाताचा टेका घेऊन उठते. मग गेली. वाळूवर रुंद, पसरट पट्टे ओढत, पाण्याचा घोट्याएवढा ओहोळ ओलांडून, सरळ पलीकडच्या काठावर. गंगम्मा ओरडत होती, "हौद, हौद," म्हणजे कानडीत हो हो.

मी मागून चालत गेले. पोचले तेव्हा ती जमिनीवर बसून, ढुंगणावर सरकत सरकत, तीन दगड जुळवत होती. कोणाला हात लावू देत नव्हती. धूर निघाला आणि अयोध्यानं मेंढ्या आत घेतल्या.

समर्थ जाळी ठोकत होता. मी त्याच्याजवळ गेले तर खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

मला रागच आला. पण तो काही वाईट पोरगा नाही. म्हणाला, रात्री थंडीत तिचे पाय वळतात, ती कण्हते ते मला ऐकू येतं. बिबट्या फिरतोय या बाजूला. घरी निदान भिंत हाय, दवाखाना जवळ हाय. वाळूत अडकल्यावर माझ्या जिवाला हायसं वाटलं, असं तो खरं सांगत होता. नदीनंच नाही म्हटलं, म्हणजे मला म्हणावं लागलं नाही.

मी म्हटलं, "तुला नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हण. नदीला मधे घालू नकोस."

तो गेला. चुलीपाशी उकिडवा बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कानडी-मराठी मिसळून चाललेलं. एकदा तिनं भाकरीच्या पिठाचा हात उगारला. शेवटी तो उठला, ट्रॉलीतली गादी काढून बाजेच्या फटींत वाकळ कोंबायला लागला, वारा येऊ नये म्हणून. तेवढं उत्तर मला पुरलं.

ठरलेल्या रात्री मेंढ्या बसून झाल्यावर तळ हलला. परतताना तसाच हवा सोडलेल्या चाकांनी वाळू ओलांडली, आणि अलीकडं आल्यावर मी समर्थला पायपंपानं पुन्हा भरायला लावली. ढिल्या टायरनं डांबरीवर पळवलं तर रबर तापून फाटतं. गंगम्मा प्रत्येक चाक अंगठ्यानं दाबून बघत होती आणि लेकाला बास म्हणून सांगत होती, दुकानदारासारखी.

मी ज्वारीचं पोतं चढवलं, ती नको नको म्हणाली, मग घेतलं. पुढच्या साली ऊस मोडला की निरोप द्या, म्हणाली. मी म्हटलं, देते. जीप निघाली.

इतकी वर्षं ती निघायची तेव्हा घोडीचा लगाम धरून पुढं बघत चालू लागायची, आणि मला तिची पाठ दिसायची, पदर, घोडीचं शेपूट. धनगराची बाई मागं वळून बघत नाही. ट्रॉलीची उघडी बाजू मात्र मागं असते. ती बाजेवर बसली होती, मांडीवर कोकरू, तोंड माझ्याकडं. वळण येईपर्यंत मला तिचा चेहरा दिसत होता. सुरकुत्या खूप झाल्यात. हात काही तिनं केला नाही, मीही केला नाही. आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत राहिलो.