हॉटेलातली पाखरं

नातवाच्या हातातला मोबाईल काढून घेताना माझे जावई दरवेळी माझंच उदाहरण देतात. "तुझ्या आजोबांनी तुझ्या आईचं गेमचं वेड एका शब्दात बंद केलं होतं," असं ते म्हणतात, आणि नातू माझ्याकडं फौजदाराकडं बघावं तसं बघतो. गावातही हीच गोष्ट चालते. हायवेच्या हॉटेलात व्हिडिओ गेम आला, पोरं बिघडली, पण पाणी सोसायटीच्या ऑपरेटरनं आपली पोरगी वेळीच आवरली. शाळेच्या एका कार्यक्रमात हे भाषणातूनही सांगितलं गेलं आणि मी पुढच्या रांगेत बसून मान हलवली.

ती गोष्ट खोटी आहे. मी तिला कधीच बंद केलं नाही. माझं चाललं असतं तर ते मशीनच बैलगाडीत घालून घरी आणलं असतं.

जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. गावच्या तलावावर सहकारी सोसायटीची मोठी मोटार होती. तलावातलं पाणी पाइपातून वर चढवायचं आणि सभासदांच्या रानात पाळीपाळीनं सोडायचं, हे माझं काम. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली होती. ऐंशीनंतर पुन्हा तशी वर्षं आली तेव्हा निदान कमरेला मोटारीच्या खोलीची किल्ली होती.

दुष्काळाची एक गंमत सांगतो, जी बाहेरच्या माणसाला पटत नाही. एरवी आमच्याकडं संध्याकाळचा बल्ब म्हणजे नुसती तांबडी तार. विहिरीविहिरींवरच्या मोटारी सगळी वीज ओढून घ्यायच्या. त्या वर्षी विहिरी आटल्या, मोटारी गप झाल्या, आणि गावात पहिल्यांदा बल्ब असे लखलखले की बायका भिंतीवरची जळमटं बघून लाजल्या. पाणी गेलं आणि व्होल्टेज आलं. हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं हे बरोबर हेरलं. सोलापूरहून कुणाचं तरी वापरलेलं व्हिडिओ गेमचं मशीन त्यानं ट्रकमध्ये घालून आणलं आणि भज्याच्या कढईपासून चार हात लांब, भिंतीला टेकवून उभं केलं.

कपाटाएवढं मशीन, त्यात टीव्हीसारखा पडदा. रुपया टाकला की वरून रंगीत किडे रांगा धरून उतरायचे आणि खाली आपलं एक छोटं विमान. दांडी हलवून विमान सरकवायचं, बटण दाबून किडे टिपायचे. मशीनवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, पण आमच्या लोकांनी बघताक्षणी ओळखलं की ही ज्वारीवरची राखण आहे. किडे म्हणजे पाखरं, विमान म्हणजे माळ्यावर उभा असलेला राखणदार, आणि बटण म्हणजे गोफण. त्या साली रानात ज्वारी नव्हती, म्हणून पाखरंही नव्हती. एक म्हातारा चहाची बशी तोंडाला लावत म्हणाला, "पाखरं कुठं गेली म्हणत व्हतो, तर हितं शेठनं कोंडून ठिवलीत."

शेठच्या धंद्यात एकच धोंड होती, ती म्हणजे मी. गावातली पाण्याची एवढी एकच मोटार चालू होती, पण ती मोठी होती. मी स्टार्टर दाबला की हॉटेलातला पडदा आकसायचा, थरथरायचा आणि चालू डाव पुसून जायचा. ज्याचा रुपया गेला तो शेठच्या गळ्यात पडायचा. म्हणून शेठ रोज दुपारी मला चहा पाजून विचारायचा, "ऑपरेटर साहेब, आज मोटार कवा टाकणार?" मी वेळ सांगायचो. चहा माझ्यासाठी, आणि माझ्याबरोबर तलावाकडं येणाऱ्या माझ्या मुलीसाठी एक फुकट डाव. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. मोटारीची वेळ काय, सगळ्या गावाला माहीत असायची.

मुलगी सहावीत होती. सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट पालथा घालून ती त्यावर उभी राहायची. पहिल्या दिवशी तिचं विमान लगेच पडलं. आठवड्याभरात हायवेवरचे ड्रायव्हर ट्रक थांबवून तिचा डाव बघायला लागले. मोठी पोरं अंगात आल्यासारखी बटण बडवायची. ही शांत उभी राहायची, एका कडेनं रांग कापत न्यायची, आणि पाखरू कुठं उतरणार हे त्याच्या आधी तिला कळायचं. मी तिला सायकल शिकवली होती, पोहायला शिकवलं होतं, पाढे पाठ करून घेतले होते. जे मला येत नाही आणि जे मी तिला शिकवलेलं नाही, अशा गोष्टीत तिला पटाईत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या छातीत तेव्हा काय व्हायचं ते आजही नीट सांगता येत नाही. लेझीमचा ताल वाढत जातो तेव्हा होतं तसलं काहीतरी.

एकदा तिनं मलाही क्रेटच्या जागी उभं केलं. माझं विमान एका जागी थिजलं आणि पाखरांनी त्याचा चेंदा केला. ती पोट धरून हसली. "आप्पा, तुम्ही स्टार्टर दाबल्यासारखं बटण दाबून धरताय. सोडा, दाबा, सोडा, दाबा."

"ऑपरेटरची सवय हाय ती," शेठ म्हणाला. "मोटार धरली की सोडत न्हाय."

गावात कुरकूर होतीच. पोरीच्या जातीनं हॉटेलात उभं राहावं का, असं काही जणांचं म्हणणं होतं. माझ्या बायकोनं एकदाच विचारलं, "तिथं काय शिकती ती?" मी म्हणालो, "राखण." बायकोनं भाकरी थापता थापता माझ्याकडं बघितलं आणि विषय सोडून दिला.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

त्या दिवशी पाण्याची पाळी माझ्या शेजाऱ्याची होती. आमच्या भिंतीला भिंत, रानाला रान. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. वहिनींची एक म्हैस होती, रेडकापासून त्यांनीच वाढवलेली. डेअरीला दूध जायचं ते त्या म्हशीचं, आणि म्हशीसाठी वहिनींनी बांधाकडंला कडवळ केलं होतं. ते पोटरीला, कणीस धरायच्या बेताला आलं होतं. त्याला एक पाणी बसलं की वैरण हातात यायची आणि म्हैस दारात राहायची. नाही बसलं तर बाजार. तलाव इतका खाली गेला होता की पुढची पाळी येईल की नाही, हे मलाही सांगता येत नव्हतं.

मोटारीला लागणारी तीन फेजची वीज संध्याकाळी ठरावीक वेळच असायची. ती आली तेव्हा मी हॉटेलात होतो. मुलीचा डाव रंगात आला होता. शेजारी मला बोलवायला आला.

"चल की रं, वीज आली. मालकीण खोरं घिऊन बांधावर हुभी हाय."

"आलोच. एवढं बघ."

त्यानं बघितलं, आणि तोही खिळला. कारण त्या दिवशी मुलगी जिथं पोहोचली होती तिथं कुणीच पोहोचलं नव्हतं. रांगा संपल्या होत्या. पडदा क्षणभर काळा झाला आणि वरून एक प्रचंड पाखरू उतरलं, पंख पसरलेलं, लाल डोळ्यांचं. शेठनं मशीन विकत घेतलं होतं, पण ते पाखरू त्यालाही माहीत नव्हतं. तो झारा घेऊन तसाच पुढं आला. मागं कढईत भजी काळी पडत होती.

"घार हाय, घार," कुणीतरी म्हणालं.

हैदराबादकडचा एक ड्रायव्हर तिच्या खांद्यामागून सांगत होता, "सीधे हात को ले, बेटी. आहिस्ता, आहिस्ता." तिला काही ऐकू येत नव्हतं. तिची वेणी सुटली होती, एका पायातली चप्पल खाली पडली होती. घार खाली झेपावायची, ही तिच्या पंखाखालून निसटायची, सोडा, दाबा, सोडा, दाबा. प्रत्येक वेळी सगळ्या हॉटेलाचा श्वास एकदम आत जायचा आणि एकदम बाहेर यायचा.

मी एकदा दाराकडं वळलो होतो. हे खरं आहे. शेजारी म्हणाला, "हू दे की एवढा डाव. आता मोटार टाकलीस तर पोरीचं समदं जाईल." तो आता हयात नाही आणि मी त्याच्यावर ढकलत नाही. किल्ली माझ्या कमरेला होती.

घारीचा एक पंख गळाला, मग दुसरा. पडद्यावर रंगांचा फुलबाजा उडाला, आणि हॉटेलात असा गलका झाला की हायवेवरच्या एका एसटीनं वेग कमी केला. ड्रायव्हरनं मुलीला उचलून खांद्यावर घेतलं. शेठ सगळ्यांना काळी भजी फुकट वाटत सुटला. मी माझ्या मुलीकडं बघत होतो. तिनं गर्दीत मला शोधलं आणि दोन्ही हात वर केले. माझ्या आयुष्यातला तो फार मोठा आनंद होता. आज एवढं सगळं माहीत असूनही मला तो कमी करता येत नाही.

मग मी तलावाकडं पळालो, मागोमाग शेजारी आणि मुलगी. मोटार टाकली. पाणी पाइपातून चढून पाटानं वहिनींच्या कडवळाला पोहोचलं, वरचे चार वाफे भिजले, आणि वीज गेली.

वहिनी बांधावरून थेट मोटारीच्या खोलीपाशी आल्या. पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले, खांद्यावर खोरं. शेजारी आणि मी उभे, मध्ये मुलगी.

"मोटारीला उशीर का झाला?"

"फेज गेली होती, वहिनी," मी म्हणालो.

"व्हय, एक फेज गेलती," शेजारी म्हणाला.

वहिनींनी आमच्याकडं बघितलंच नाही. त्या वाकल्या आणि मुलीला विचारलं, "व्हय गं बाई? फेज गेलती का?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान खाली घातली असती तरी तिला खरं बोलायची मोकळीक मिळाली असती. मी तेवढंही केलं नाही, मी तिच्याकडं बघत राहिलो.

"हो काकू," ती म्हणाली. "गेली होती."

पुढची पाळी आलीच नाही. तलाव आटून मोटारीचा पाइप उघडा पडला, कडवळ करपलं आणि म्हैस बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला म्हणालो, "चल, शेठ वाट बघतोय." ती म्हणाली, "मला अभ्यास आहे." तिसऱ्या दिवशीही अभ्यास होता. शेठनं तिच्यासाठी क्रेट धुऊन ठेवला होता. ती पुन्हा कधी हॉटेलात गेली नाही, आणि गाव म्हणालं, बापानं आवरली. मी ते घेतलं. घ्यायला सोपं होतं.

मागच्या दिवाळीत नातवाच्या डोळ्यात पाणी बघितलं, माझ्या नावानं आलेलं. त्यानंतर एका सकाळी मी भिंतीपलीकडं गेलो. वहिनी उन्हाला बसून शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, घारीसकट. त्या शेंगा फोडत राहिल्या.

"फेज गेली न्हवती ते म्या तवाच वळखलं," त्या म्हणाल्या. "पिठाची गिरणी त्याच विजेवर चालू व्हती. आवाज बांधावर येत व्हता."

"मग पोरीला कशाला विचारलंत?"

"तुमी दोघं काय बोलणार ते मला ठावं व्हतं. पोरगी खरं बोलंल वाटलं." मग टरफलं बाजूला सारत म्हणाल्या, "म्हशीचं कवाच सोडलं म्या. पण पोरगी मला बघून वाट बदलाय लागली. ते लई लागलं. आईपेक्षा माझ्याकडं जास्त असायची ती."

त्याच दिवशी मी मुलीला फोन केला. काकूंना सगळं माहीत होतं, हे सांगितलं. जावयांना खरं काय ते तूच सांग, असंही म्हणालो. ती म्हणाली, "आप्पा, इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना खरं वाटलं."

संक्रांतीला ती आली. एसटीतून उतरली ती आमच्या घरी न येता सरळ वहिनींकडं गेली. नातू पिशव्या घेऊन एकटाच माझ्याकडं आला. मी ओट्यावर बसलो होतो. भिंतीपलीकडं आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग मुलीचा आवाज चढत गेला, सहावीतला होता तसा भरभर. ती घार कशी उतरली ते सांगत होती, पंख केवढे होते ते दाखवत असावी, कारण बांगड्या वाजत होत्या.

आणि वहिनी मध्ये मध्ये विचारत होत्या, "आन मग?"